मोंबासाची लेकुरवाळी

डोंबिवलीला खोली बघायला गेलो, त्या दिवशी घरमालकांनी भाड्याचं बोलणं काढायच्या आधी घरातल्या माणसांशी आमची ओळख करून दिली. खरी माणसं दोनच, ते स्वतः आणि त्यांची बायको. बाकीची सगळी लाकडाची. घरात एक लांबट बोळ होता आणि त्याच्या दोन्ही भिंतींशी ती मंडळी ओळीनं उभी होती. आम्हाला मिळायची खोली बोळाच्या एका टोकाला, आणि विहीर, न्हाणी, रस्ता सगळं दुसऱ्या टोकाला.

"हा झांजीबारचा कोळी," एका काळ्याभोर पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून घरमालक म्हणाले. "याला पाय यायचे राहिले. ही दारेसलामची, हिचं तोंड राहिलं. आणि हे आजोबा बघा. पुढून सगळे झाले, पण पाठ झाली नाही. मागून नुसता ओंडका आहे. म्हणून यांना भिंतीला टेकवलंय, उगीच चारचौघांत लाज नको."

माझे यजमान तोंडावर रुमाल धरून हसत होते. मला मात्र दरदरून घाम फुटला होता. मी जन्माचीच भित्री. वाऱ्यानं कडी वाजली तरी माझ्या काळजाचं पाणी होतं, हे माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. आणि इथं मला रोज पाणी भरायला जाताना तोंड राहिलेल्या बाईसमोरून जायचं होतं. "दुसरी खोली बघू या," असं मी खुणेनं सांगितलं. पण भाडं परवडण्यासारखं होतं, स्टेशन पायी गाठता येत होतं, आणि ठाण्याची जुनी खोली सोडायची घाई माझी मलाच होती. त्या खोलीत माझं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. डोंबिवली म्हणजे स्टेशनाभोवती चार आळ्या आणि पलीकडे भातशेतं. वीज स्टेशनापर्यंत आली होती, आमच्यापर्यंत यायची होती. पाथर्लीच्या वाटेला ते एकुलतं एक कौलारू घर, आणि गावात त्याला सगळे 'बोटवाल्यांचं घर' म्हणत. घरमालकांनाही नावानं कुणी ओळखत नसे, बोटवाले एवढंच. मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. ते मला पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणू लागले आणि यजमानांना रावसाहेब. कचेरीतल्या कारकुनाला रावसाहेब म्हणणारा तो जगात एकच माणूस असेल.

काका बोटीवर कोठारावर होते. त्यांची बोट मुंबईच्या गोदीतून निघून आफ्रिकेच्या किनाऱ्यानं मोंबासा, झांजीबार, दारेसलाम अशी खाली जायची आणि तशीच वर यायची. पीठ, तांदूळ, कांदे, बटाटे यांच्या राशीत बसून उतारूंच्या पोटाची काळजी वाहायची, हे त्यांचं काम. बोट बंदराला लागली की बाकीचे बाजारात पळायचे. कुणी लवंगा आणायचं, कुणी बायकोसाठी कापड. साहेबलोक चकचकीत पॉलिश केलेले हत्ती आणि जिराफ घ्यायचे. काका मात्र कोठाराची किल्ली कमरेला अडकवून थेट कोरणाऱ्यांच्या झाडाखाली जायचे.

मोंबासाच्या बंदराबाहेर आंब्याची जुनी झाडं होती म्हणे, अगदी आपल्याकडच्यासारखी. त्यांच्या सावलीत कोरणारे पाय पसरून बसत, ओंडका तळपायांमध्ये धरत आणि लहानशा वाकसानं तासत. काका एक ओंडका निवडायचे, ठरलेले पैसे आधीच देऊन टाकायचे आणि समोर खोक्यावर बसून राहायचे. बोटीचा भोंगा होईपर्यंत. भोंगा झाला की जे काय झालं असेल ते उचलून चालू पडायचं. बोट पुष्कळ थांबली तर हात, पाय, नाक, डोळे. लवकर सुटली तर नुसते खांदे.

"ओंडका माझा, हात त्याचा आणि वेळ बोटीची," असं ते म्हणायचे.

"मग तयार मूर्ती का नाही घेत?" यजमानांनी एकदा विचारलं.

"तयार माणूस कुठून आला, काय बघून आला, मला काय ठाऊक?"

"बरं, त्याच्याकडे ठेवून या. पुढच्या खेपेला पुरी झालेली घ्या."

"माझ्या पाठीमागं झालेलं मला नको, रावसाहेब," काका म्हणाले, आणि ते असं तोडून बोलले की पुढं विचारायची सोय राहिली नाही.

घरात ते बोटीवर असल्यासारखे वागत. खुर्च्यांचे पाय खिडकीच्या गजांना बांधलेले. फडताळातल्या डब्यांच्या गळ्याला सुतळी. आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी ते दोरीचं भेंडोळं घेऊन आमच्या खोलीत आले आणि माझी ट्रंक, पाण्याचा पिंप आणि देवांचा चौरंग असं सगळं त्यांनी स्वतः बांधून दिलं. "जमीन हलत नाही हो काका," यजमान म्हणाले. "आजवर हलली नाही," काका म्हणाले. त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे 'पोले पोले'. तिकडच्या भाषेत सावकाश. काकूंनी पोळी तव्यावर टाकली की पोले पोले, टांगेवाल्यानं घोडा पळवला की पोले पोले. काकू वैतागायच्या. "आयुष्यभर बोटीच्या घाईनं जगले, आणि मला सांगतात सावकाश," म्हणायच्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी आम्ही कल्याणला स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं, तेव्हा हे गृहस्थ डोंबिवलीहून रोज यायचे. येताना घरून एक खोकं आणलेलं होतं, ते गवंड्यांसमोर टाकून बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. गवंडी बिथरले. त्यांना वाटलं, आम्ही नजर ठेवायला माणूस नेमलाय. शेवटचं कौल चढलं तेव्हा काका उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता या घरात मी जेवायला येईन. याला मी ओळखतो." असा हा माणूस. चांगला होता. पण त्या पहिल्या वर्षी मला त्यांची भीती वाटायची, त्यांच्या पुतळ्यांइतकीच.

डोंबिवलीला आल्यावर काही महिन्यांत मला पुन्हा दिवस गेले. आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. पहिल्या वेळी काय चुकलं ते कुणालाच सांगता आलं नव्हतं, त्यामुळे काय जपायचं तेही कळत नव्हतं. मग मी सगळंच जपू लागले. उंबऱ्यावर बसायची नाही, विळी हातात धरायची नाही, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायची नाही. आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपणाला माहेर नव्हतं. जे व्हायचं ते या घरातच व्हायचं होतं.

टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलायला आम्ही गेलो, तेव्हा काका घरी होते, तेही बरोबर आले. मी डोळे मिटून देवाची विनवणी करत होते आणि हे शेजारी उभं राहून पुजाऱ्याला विचारत होते, "ही मूर्ती घडताना कुणी पाहिली होती का हो?" पुजारी भडकला. देवासमोर काय हे बोलणं, म्हणाला. काका शांतपणे म्हणाले, "राग नका मानू. कुणीतरी पाहिली असेल तर बरं वाटेल, एवढंच." माझ्या मनात मात्र लगेच आलं की झालं, नवस बाटला.

त्यानंतरच्या खेपेहून ते परत आले ते पोत्यात गुंडाळलेलं भलंमोठं बोचकं हमालाच्या डोक्यावर देऊन. अंगणात दोऱ्या सोडल्या, पोतं उकललं, आणि मला कबूल केलंच पाहिजे की असं देखणं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं. काळ्याभोर लाकडाची, मांडी घालून बसलेली बाई. लांब मान, अर्धवट मिटलेले डोळे, ओठ असे की आता काहीतरी गुणगुणेल. दोन्ही हात मांडीवर काहीतरी धरलेले. आणि त्या हातांत होता लाकडाचा एक ओबडधोबड गोळा. त्याच्यावर वाकसाचे घाव तसेच दिसत होते. डोकं कुठं, पाय कुठं, काही कळत नव्हतं.

"लेकुरवाळी आहे," काका कौतुकानं म्हणाले. "ते लोक मूल शेवटी काढतात. आधी आई पुरी करायची, तिच्या हातांत जागा करायची, मग त्यात मूल. त्याचं डोकं काढायला घेतलं आणि भोंगा झाला."

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. बोळात तिच्याएवढी जागा कुठंच उरली नव्हती. काकांनी ती आमच्या दाराला लागून ठेवली.

समोरच्या घरातल्या आजी विहिरीवर यायच्या. त्यांनी ती बघितली मात्र, मला बाजूला घेतलं. "अगं, पोटुशी बाईनं असलं बघू नये. बाई जे बघते ते पोटातल्याच्या अंगावर उठतं. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, एवढंसुद्धा त्या बोटवाल्याला कळत नाही होय?" मी रडत घरात आले. यजमानांनी कचेरीतल्यासारखा मुद्दा काढला, "भंगलेली नाही, अपुरी आहे. दोन्हींत फरक आहे." फरक असेलही. मला तर तो ऐकून जास्तच भीती वाटली. भंगलेलं निदान आधी धड तरी असतं.

मग माझे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. दार उघडायच्या आधी पदर डोळ्यांवर ओढायचा आणि भिंतीला हात लावत लावत बोळ पार करायचा. त्यात कधी कोळ्याला धडकायची, कधी आजोबांना. वारंवार बाहेर जावं लागू नये म्हणून पाणी पिणं सोडलं, तर घसा कोरडा पडायचा आणि त्याचीही भीती. पोटात हालचाल लागली नाही की जीव उडून जायचा, लागली तरी दचकायची. आणि न बघायचं म्हटलं की तेच डोळ्यांपुढं. डोळे मिटले की मला तो गोळा दिसायचा. त्यातून एक कान बाहेर येतोय, बाकी काही नाही, असंही एकदा दिसलं. हे मी यजमानांना सांगितलं नाही. बोललं तर खरं होईल, असं वाटायचं.

एका दुपारी पाणी संपलं म्हणून निघाले. पदर ओढायला विसरले की काय कोण जाणे, दार उघडलं आणि नजर तिच्यावर गेली. तिच्या मांडीवर मूल होतं. खरंखुरं, दुपट्यात गुंडाळलेलं. मी किंकाळी फोडली आणि तिथंच खाली बसले.

काकू हातातलं टाकून धावत आल्या. मला धरलं, तोंडावरून हात फिरवला. "अगं, काही नाही, काही नाही. मीच घातलंय ते दुपटं. तुझ्या नजरेला तो गोळा पडू नये म्हणून झाकला. तू घाबरशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही बघ."

खरंच, जुनं दुपटं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, कडेनं लाल दोऱ्याचे टाके घातलेलं. ज्या घरात कधी मूल दिसलं नाही त्या घरात दुपटं कुठून आलं, हे मी विचारलं नाही. पण माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण काकू तिथंच जमिनीवर माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी सांगितलं.

"मुलगा झाला होता मला. हे तेव्हा बोटीवर. तार कुठं करणार, समुद्रात? बारसंसुद्धा झालं नाही गं, त्याच्या आतच गेला. मग बोट आली. हे दारातून हाका मारतच आले, कुठंय, कुठंय म्हणून. गोदीतच कुणीतरी सांगितलं होतं, मुलगा झाला म्हणून. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. मी काय दाखवणार? दुपटं दाखवलं." त्यांनी दुपट्याच्या लाल कडेवरून बोट फिरवलं. "त्यानंतरच्या खेपेपासून यांचं हे सुरू झालं. समोर बसून बघायचं, कसं घडतं ते. लोक वेडा म्हणतात. मला नाही तसं वाटत."

मला त्यांचा हात धरून रडू आलं. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यातही निम्मी भीतीच होती. या घरात एक मूल गेलेलं आहे, हे मला आता कळलं होतं.

संध्याकाळी यजमान आले, त्यांना सगळं समजलं आणि ते तडक काकांकडे गेले. एक तर ती मूर्ती हलवा, नाहीतर आम्ही महिनाअखेर खोली सोडतो. काका उठून बोळातून आमच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर बसले.

"सूनबाई, तुम्ही नक्की कशाला भिता? तिला?"

"तिला नाही," मी म्हणाले. इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "माझं मूल असं होईल म्हणून भिते. असंच. अर्धं."

बाकी ज्यांना ज्यांना मी भीती वाटते म्हणून सांगितलं होतं, त्यांनी मला खुळी म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी, यजमानांनी, सगळ्यांनी. काका तसं म्हणाले नाहीत. त्यांनी वळून त्या गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला.

"हो," ते हळूच म्हणाले. "होऊ शकतं."



"अहो काका, काय बोलताय काय!" यजमान ओरडले. पण काका उठले होते. "चुकलं माझं," ते म्हणत होते. "अर्धं मूल घरात आणायला नको होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही हे. मी नेतो तिला. त्याच माणसाकडून पुरं करून आणतो. मी समोर बसतो." ज्या माणसानं घरात आणलेलं एकही लाकूड कधी परत नेलं नव्हतं, त्यानं दुसऱ्या दिवशी लेकुरवाळीला स्वतःच्या रजईत गुंडाळलं. काकूंनी दुपटं घडी घालून ट्रंकेत ठेवलं. आठवड्याभरात बोट निघाली. फाटकातून बाहेर पडताना काका वळून म्हणाले, "सूनबाई, मी येईपर्यंत थांबा." जसं काही ते माझ्या हातात होतं.

तुम्हाला वाटेल, मूर्ती गेली, भीतीही गेली. उलट झालं. ती दाराशी होती तोवर जे काय व्हायचं ते व्हायचं होतं. आता ती समुद्रावर होती आणि माझं मूल तिच्याबरोबर बांधून गेलं होतं, असं माझ्या मनानं घेतलं. बांधलं होतं काकांनीच. आमच्या ट्रंकेसारखंच, घट्ट. वारा सुटला की मला बोट हलताना दिसायची. पोटात लाथ बसली की वाटायचं, आता वाकस लागला. त्या माणसाचा हात चुकला तर? लाकूड उलटं निघालं तर? तो माणूस आता तिथं नसेलच तर? यजमान मला हसायचे, पण रोज ठाण्याहून येताना कचेरीतलं वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि बोटींच्या बातम्या आधी बघायचे. "कुठंय हो बोट?" मी विचारलं तर म्हणायचे, "मी कुठं बघतोय?"

काकू रोज संध्याकाळी माझ्या पाठीला तेल लावायच्या. त्यांचे हात गार असायचे. त्यांनाही भीती वाटत होती, पण त्यांनी ती मला कधी बोलून दाखवली नाही.

बोट यायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. पहाटे सुरू झाल्या त्या दुपारपर्यंत. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंना आणायला यजमान गेले, पण त्यांच्या आधी पाथर्लीची सुईण आली आणि तिनं सगळं हातात घेतलं. मला मधलं फारसं आठवत नाही. आठवतं ते शेवटचं. सगळं संपलं, मला अंग हलकं झाल्याचं कळलं, आणि खोलीत आवाज नव्हता. सुईण बोलायची थांबली होती. तिनं मुलाला उलटं धरलं, तळव्यांवर चापट्या मारल्या, काहीतरी पुटपुटली, पुन्हा मारल्या. मी कोपऱ्यातल्या काकूंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तो चेहरा मला अजून विसरता येत नाही. मला वाटलं, झालं, गोळाच आहे.

आणि मग ती रडली. आधी चिरका, मग मोठा आवाज. "मुलगी गं बाय, मुलगी! काय घाबरवलंन मेलीनं!" सुईण ओरडली. "मला दाखव," मी म्हणाले, "सगळी दाखव. हात दाखव. कान दाखव." तिनं हसत हसत सगळं दाखवलं. सगळं जागच्या जागी होतं.

काका आले ते मुलीला महिना होत आला तेव्हा. सकाळची वेळ होती. विहिरीजवळच्या अंगणात काकू पाय पसरून पाटावर बसल्या होत्या आणि मुलगी त्यांच्या पायांवर तेलानं माखून आडवी होती. मी तांब्या घेऊन शेजारी. मागचं फाटक वाजलं. बघते तो काका उभे. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, खांद्यावर रजईत गुंडाळलेलं बोचकं. पुढं पाऊल टाकेनात. मुलीकडे बघत राहिले.

"या ना," काकू म्हणाल्या. "मुलगी आहे. छान आहे."

त्यांनी बोचकं खाली ठेवलं, जवळ येऊन उकिडवे बसले आणि मुलीचा एक पाय हातात घेतला. मग दुसरा. मग तिच्या मुठी उघडून बघितल्या, कानांमागं बघितलं, कुशीवर वळवून पाठ बघितली. ती जन्मल्याबरोबर मी जे केलं होतं, तेच सगळं. मुलीनं त्यांचं बोट मुठीत धरलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"स्टेशनवरून निघालो आणि दोनदा माघारी फिरलो," ते म्हणाले. "गोदीतच वाटलं होतं, घरी जाऊच नये. दुसऱ्या बोटीवर चढावं."

"का हो?" मी विचारलं.

"तोच माणूस भेटला. त्यानं काम धरलं. डोकं छान निघालं, सूनबाई, एक कान निघाला, गाल निघाला. पण लाकडात आत चीर होती. बाहेरून दिसत नव्हती. त्यालाही नाही, मलाही नाही. एक घाव घातला आणि सगळं सुटून खाली पडलं. तो म्हणाला, मेणानं चिकटवून देतो, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं नको. तिथून इथवर मी प्राण मुठीत धरून आलो."

मी मुलीला काकूंच्या पायांवरून तशीच ओलीचिंब उचलली आणि छातीशी धरली. ती माझ्या हातात होती, गरम होती, हातपाय झाडत होती, तरी मला ठाण्याची ती खोली एकदम आठवली.

काकू उठल्या नव्हत्या. तसेच पाय पसरून बसल्या होत्या, तेलाचे हात मांडीवर. त्या म्हणाल्या, "दाखवा तरी."

काकांनी रजई सोडली. बाई तीच होती. तीच मान, तेच ओठ. पण कोरणाऱ्यानं काम टाकून दिलं नव्हतं. तुटलेलं सगळं तासून काढलं होतं, मांडी गुळगुळीत केली होती आणि तिचे रिकामे हात तसेच मांडीवर राहू दिले होते. कुठंही घाव राहिला नव्हता. "भोंगा व्हायच्या आधीच संपलं या वेळी," काका खाली बघत म्हणाले.

काकूंनी तिला पुष्कळ वेळ बघितलं.

"मूल नाही राहिलं म्हणायचं हिचं."

"नाही."

"तुम्ही होतात तिथं?"

"होतो," काका म्हणाले. "समोरच बसलो होतो. शेवटपर्यंत."

काकूंनी मान हलवली. "मग झालं," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी हात पुसले, ती जड बाई दोन्ही हातांनी उचलली, मदतीला पुढं आलेला काकांचा हात बाजूला सारला आणि बोळात न ठेवता तिला सरळ आपल्या निजायच्या खोलीत घेऊन गेल्या.